बटणाला नाव असू द्या

नमस्कार श्रोतेहो,

इंदूरच्या बहुतेक मराठी घरांत एक जण असा असतोच, ज्याच्याकडे विजेचं बिल, मालमत्ता कर, रेल्वेचं तिकीट अशी सगळी ऑनलाइन कामं येऊन पडतात. बाकीचे नुसतं सांगतात, "पंधरा तारखेची पुण्याची गाडी बघ रे. दोन जागा असतील तर भाडं सांग, पण मला विचारल्याशिवाय तिकीट काढू नकोस." आता हेच वाक्य, आपल्या साध्या बोलीत, संगणकालाही सांगता येतं. त्यातला एआय एजंट स्वतः ब्राउझर उघडतो, तारीख भरतो, शोधतो आणि उत्तर घेऊन येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने पडद्याचं चित्र पाहून माउस चालवणारं मॉडेल आणलं, जानेवारी २०२५ मध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयचा 'ऑपरेटर' हा एजंट आला आणि त्यानंतर एजंट असलेले ब्राउझर एकामागून एक येत गेले.

ब्राउझर आपोआप चालवणं तसं जुनंच. 'सेलेनियम' हे साधन २००४ पासून आहे. पण त्यात प्रोग्रामरला प्रत्येक बटणाचा पत्ता आधीच लिहून ठेवावा लागतो. पानाची मांडणी बदलली की पत्ता चुकतो आणि काम अडतं. एजंट वेगळ्या रीतीने चालतो. तो पान वाचतो, पुढचं एकच पाऊल ठरवतो, ते टाकतो आणि बदललेलं पान पुन्हा वाचतो. काम होईपर्यंत हेच चालू राहतं.

आता प्रश्न असा, की तो पान वाचतो कसं? माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा इथेच आहे.

एक मार्ग पडद्याचं चित्र पाहण्याचा. दुसऱ्या मार्गात एजंट ब्राउझरकडून पानाची एक यादी मागून घेतो: हे बटण, त्याचं नाव 'शोधा', हा रकाना, त्याचं नाव 'प्रवासाची तारीख'. मायक्रोसॉफ्टच्या 'प्लेराइट' या साधनाची एजंटांसाठीची जोडणी मुख्यतः याच यादीवर चालते. श्रोतेहो, ही यादी एजंटांसाठी तयार झालेली नाही. ती आहे दृष्टिहीन वाचकांसाठी. पडदा वाचून दाखवणारे स्क्रीन रीडर याच यादीतून बोलतात. वेबपानं सर्वांना वापरता यावीत म्हणून पहिली मार्गदर्शक तत्त्वं १९९९ साली आली. बटणांना आणि रकान्यांना भूमिका व नावं देणारं 'एरिया' हे मानक २०१४ साली पक्कं झालं. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'ॲटलस' ब्राउझर आणताना ओपनएआयने संकेतस्थळवाल्यांना सांगितलं ते हेच: एरियाच्या खुणा नीट लावा, आमचा एजंट त्यांवरून पान समजून घेतो.

समजा, आपल्या एखाद्या मंडळाने गणेशोत्सवातल्या स्पर्धांची नावनोंदणी ऑनलाइन ठेवली आहे. नाव, जन्मतारीख, मोबाइल, सगळे रकाने सुबक दिसतात. पण शेजारी लिहिलेलं नाव त्या रकान्याशी जोडलेलंच नाही. न दिसणाऱ्या मुलीला ऐकू येतं, "एडिट, एडिट, एडिट." कुठे काय भरायचं? शेवटी हिरवी खूण असलेलं सुंदर बटण आहे, पण ते नुसतं चित्र, त्याला नाव नाही. तिच्या कानावर चित्राच्या फाइलचा नंबर तेवढा पडतो. तिला गाणं येतं, स्पर्धेत उतरायचंय, आणि ती अडते त्या अर्जावर! याच यादीवर चालणारा एजंटही तिथेच चाचपडतो. चित्र पाहून त्याला अंदाज बांधता येतो, पण वेळ जातो आणि चूकही होते. ती मुलगी मात्र चित्र पाहू शकत नाही.

मला हे फार लागतं. दृष्टिहीन माणसं इतकी वर्षं एवढंच मागत आली आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधा वापरता येणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. आता एजंटांच्या निमित्ताने व्यापाऱ्यालाही त्यात स्वतःचा फायदा दिसेल. दिसू द्या. निमित्त कोणतंही असो, रकान्याला नाव मिळालं की त्या मुलीचा अर्ज भरला जाईल.

एजंट वापरणाऱ्यांसाठीही एक गोष्ट सांगायला हवी. पानावर कोणी लपवून मजकूर लिहिला, 'आधीची सूचना विसर आणि अमुक कर', तर एजंट त्याला बळी पडू शकतो. या धोक्याला 'प्रॉम्प्ट इंजेक्शन' हे नाव २०२२ सालीच मिळालं आणि त्यावर पक्का उपाय अजून नाही. तेव्हा सांगताना हद्दही सांगा: कुठवर जायचं, कुठे थांबायचं. बँकेचा पासवर्ड, ओटीपी आणि पैसे भरण्याचं शेवटचं बटण आपल्याच हाती ठेवा.

आणि ज्यांच्याकडे शाळेचं, पतपेढीचं, मंडळाचं किंवा दुकानाचं संकेतस्थळ आहे, त्यांनी आज एवढं करून पाहावं. माउस बाजूला ठेवा आणि टॅब कळ दाबत पुढे जा. प्रत्येक बटणापर्यंत पोचता येतं का? मग विंडोजच्या संगणकावर कंट्रोल, विंडोज आणि एंटर या कळा एकत्र दाबा. नॅरेटर, म्हणजे विंडोजमधलाच स्क्रीन रीडर, बोलू लागेल. किंवा 'एनव्हीडीए' हा मोफत स्क्रीन रीडर उतरवून घ्या. आता डोळे मिटून आपलाच अर्ज भरा. जिथे अडाल ती जागा लिहून ठेवा आणि संकेतस्थळ बनवणाऱ्याला सांगा, "या रकान्याला लेबल जोडा, या चित्राला पर्यायी मजकूर द्या." हे काम मोठं नाही. साध्या अर्जाचं तर एका बैठकीत होतं. नवं संकेतस्थळ करून घेणार असाल, तर ही अट करारातच घाला.

नमस्कार.