'च' कुठे चिकटतो?

निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय 'राग, चिंता आणि रोजची दहा मिनिटं'. त्या दहा मिनिटांकडे मी येतोच. बघा, पहिल्याच मिनिटाला आला. 'येतोच' मधला तो शेवटचा 'च'. आज खरं बोलायचंय ते त्याच्याबद्दल.

शाळेत शुद्ध शब्दयोगी अव्ययं पाठ केलेली आठवतात? च, ही, पण, मात्र, सुद्धा, देखील. बाकीची शब्दयोगी अव्ययं लागली की शब्दाचं सामान्यरूप होतं: घर, घरापुढे, घरामागे. 'च' लागला की? घरच. शब्दावर ओरखडासुद्धा नाही. म्हणून तो कधी येऊन चिकटला ते बोलणाऱ्याला कळत नाही. 'चहा पाहिजे' ही इच्छा झाली. 'चहा पाहिजेच' म्हटलं की घरातली माणसं एकमेकांकडे बघायला लागतात.

न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमाराला हेच इंग्रजीत पकडलं. ते आधी मनोविश्लेषक होते. रुग्णाचं बालपण उकरण्यात वर्षं जातात आणि माणूस तिथल्या तिथे, हे पाहून त्यांनी वाट बदलली. त्यांचं म्हणणं असं, की घटना आपल्याला थेट अस्वस्थ करत नाही; घटना आणि भावना यांच्या मध्ये आपण स्वतःशी एक वाक्य बोलतो, ते करतं. त्या वाक्यात त्यांना सगळीकडे 'मस्ट', म्हणजे आपलं 'पाहिजेच', सापडला. त्यावरून त्यांनी एक वात्रट शब्दही बनवला होता, तो वाचनालयाच्या हॉलमध्ये सांगण्यासारखा नाही. (मागच्या रांगेत कुणाला तरी माहीत आहे, हसू आलं.) आपल्याकडे मुंबईत कि. मो. फडके यांनी ही पद्धत रुजवली, विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून.

एलिस यांचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. वय एकोणीस, साल १९३३. मुलींशी बोलायचं म्हटलं की तोंडाला कोरड. त्यांनी स्वतःला गृहपाठ दिला. घराजवळच्या ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर जायचं, बाकावर एकटी बाई दिसली की त्याच बाकावर बसायचं आणि एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. एकूण एकशे तीस जणी. तीस जणी लगेच उठून गेल्या. उरलेल्या शंभरांशी गप्पा झाल्या. पक्षी, झाडं, हातातलं पुस्तक, काहीही. शंभरांतून भेट ठरली एकीशी. आणि ती आलीच नाही! आपल्याकडे असा निकाल लागला तर घरचे म्हणतील, महिना फुकट गेला. एलिस यांनी हिशेब वेगळा मांडला: नकार आला, पण आभाळ कोसळलं नाही, कुणी पोलीस बोलावले नाहीत, आणि भीती गेली. 'तिने हो म्हटलंच पाहिजे' मधला 'च' एकशे तीस वेळा बाकावर आपटून झिजला. (आजच्या बागेत हा प्रयोग करू नका, वेगळी भानगड होईल. त्याऐवजी दुकानात सुटे मागा, सभेत एक प्रश्न विचारा.)

हे सांगायचं कारण म्हणजे सकाळी मोबाइलवर येणारे ते फुलांचे फोटो. 'सकारात्मक राहा.' मनातलं वाक्य बदलायचं म्हणजे हे नव्हे. मुलाला दहावीला बासष्ट टक्के पडले आणि बाप म्हणतो, छानच झालं! पोटात कालवाकालव चालूच. खोट्या वाक्याने मन बधत नाही, ते हुशार असतं.

घड्याळ दाखवताहेत. बरं, आता त्या दहा मिनिटांची वही भराभर.

रात्री जेवणानंतर दहा मिनिटं, चार रकाने. आधी भावना लिहा, कारण तीच आधी आठवते: राग, दहापैकी आठ. मग घटना, कॅमेऱ्यात दिसली असती तेवढीच. 'वहिनीने अपमान केला' हे चालणार नाही. 'वहिनीने मेसेज वाचला, निळ्या खुणा आल्या, संध्याकाळपर्यंत उत्तर नाही' असं लिहा. बहुतेकांची वही इथेच चुकते. तिसरा रकाना मनातल्या वाक्याचा, आपल्या बोलीत, शिव्यांसकट: 'तिने लगेच उत्तर द्यायलाच हवं होतं, मलाच कशी टाळते.' आता 'च' भोवती गोल करा. 'मला जमलंच पाहिजे' यातून चिंता येते, 'त्याने नीट वागायलाच हवं' यातून राग, 'हे मला सहनच होत नाही' यातून हातपाय गाळणं. 'आईच ती' मधल्या 'च'ला सोडून द्या, तो निरपराध आहे.

चौथ्या रकान्यात तीन प्रश्न. असा नियम कुठे आहे? मला हवं म्हणून ते व्हायलाच हवं, हे कसं? हे धरून ठेवल्याने माझं काय होतंय? मग नवीन वाक्य: 'तिने उत्तर दिलं असतं तर बरं वाटलं असतं. नाही दिलं, वाईट वाटलं. उद्या फोन करून विचारेन.' इच्छा तशीच ठेवायची, फक्त 'च' काढायचा. 'मला काही फरक पडत नाही' असं लिहिलंत तर ते फुलांच्या फोटोचं भावंड झालं. आठाचे चार झाले तरी पुष्कळ. शून्य व्हायची वाट पाहू नका. रागाची नाराजी होते, चिंतेची काळजी होते, आणि काळजी असलेला माणूस कामाला लागतो. फोन मात्र खरंच करायचा. नुसत्या कागदावर 'च' परत उगवतो.

दोन आठवडे झोप-भूक बिघडलेली असेल, कशातच जीव रमत नसेल, किंवा जगणं नको वाटत असेल, तर वहीवर विसंबू नका. डॉक्टरांकडे जा, सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरावर आहे, मराठीतही बोलतात. जीव नको वाटत असेल तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी फोन.

शेवटची चिठ्ठी आलीय: 'आमच्या ह्यांच्या प्रत्येक वाक्यात दहा च असतात, वही कशी भरू?' ताई, वही तुमची. त्यात फक्त तुमचे 'च'. ह्यांचे मोजायला बसलात तर चौथा रकाना कायम कोराच राहील.