नरसाळ्यातली रांग

मंडळी, आल्या आल्या एका सभासदांनी मला दारातच विचारलं, "आमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे, स्पीड टेस्ट ९५ दाखवते, मग मुलीचा व्हिडिओ कॉल का अडकतो?" आज मी फक्त याच प्रश्नाबद्दल बोलणार आहे. कारण हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी माझ्याही घरात होता.

तेव्हा आमच्याकडे केबलचं कनेक्शन होतं. येणारा वेग ५० एमबीपीएस (सेकंदाला ५० मेगाबिट), जाणारा ५. संध्याकाळी मुलगी ऑनलाइन शिकवणीला बसली की साडेसातच्या सुमारास आवाज तुटायला लागायचा. मी डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारी सेवा) बदलला, वायफायचा चॅनल बदलला, राउटर कपाटावरून टेबलावर आणला. काही फरक पडेना. मग एका संध्याकाळी लॅपटॉपला केबल जोडून पिंग लावून बसलो, म्हणजे छोटा निरोप जाऊन उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजत बसलो. १५ मिलिसेकंदांवर निवांत चाललेला आकडा एकदम ८०० च्या वर गेला. त्याच वेळी पत्नी ऑफिसमधून आली होती. तिचा फोन वायफायला जोडला गेला आणि दिवसभराचे फोटो क्लाउडवर चढायला लागले.

वेग तर तेवढाच होता. मग काय बिघडलं?

तुमच्यापैकी अनेकांनी नरसाळ्याने रॉकेल ओतलेलं असेल. बाटलीचं तोंड लहान, आपण डब्यातून भराभरा ओततो, नरसाळं काठोकाठ भरतं. आता वरून पडलेला नवा थेंब बाटलीत कधी जाणार? त्याच्या आधीचं सगळं रॉकेल उतरल्यावर. नरसाळं मोठं घेतलं म्हणून बाटली लवकर भरत नाही, थेंबाची वाट पाहणं तेवढं वाढतं. मोडेममध्ये पाठवायचा माल थोडा वेळ साठवणारी मेमरी असते, तिला बफर म्हणतात. ती म्हणजे हे नरसाळं. ५ मेगाबिटच्या वाटेवर अर्ध्या मेगाबाइटचं नरसाळं ठेवलं, तर ते रिकामं व्हायला ०.८ सेकंद लागतात. माझ्या पिंगचा आकडा तिथून आला होता. फोटोंच्या मागे मुलीचा आवाज रांगेत उभा होता.

आणि जाणारी वाट तुंबली की येणारीही मंदावते, हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. आपण काही डाउनलोड करतो तेव्हा आपलं यंत्र समोरच्याला सतत पोचपावत्या धाडत असतं. त्या पावत्याही याच रांगेत अडकतात, आणि पावती आली नाही की समोरचा पुढचा माल पाठवायचा थांबतो.

हे दुखणं जुनं आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यात, म्हणजे जेमतेम ४०० यार्डांवर, वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. त्याच प्रयोगशाळेतले संशोधक व्हॅन जेकबसन यांनी त्याचा माग काढला आणि १९८८ मध्ये उपाय मांडला: पाकीट, म्हणजे नेटवरून जाणारा माहितीचा छोटा तुकडा, हरवलं की गर्दी झाली असं समजायचं आणि पाठवणाऱ्याने हात आखडता घ्यायचा. आजही इंटरनेट बरंचसं या शिस्तीवर उभं आहे. पण पुढे मेमरी स्वस्त झाली आणि यंत्रांमधली नरसाळी मोठी होत गेली. पाकीट हरवेचना, त्यामुळे पाठवणाऱ्याला गर्दीची खबरच लागेना. २०१० मध्ये जिम गेटिस या प्रोग्रामरना घरून मोठ्या फाइली पाठवताना हे दिसलं. 'बफरब्लोट', म्हणजे फुगलेला बफर, हे नाव त्यांनीच रूढ केलं.

२०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी रांग आवरायची 'कोडेल' नावाची रीत मांडली. मला ती फार सुंदर वाटते. रांग किती लांब आहे हे ती बघतच नाही, पाकीट किती वेळ ताटकळलं एवढंच बघते. ताटकळणं १०० मिलिसेकंदभर सतत ५ मिलिसेकंदांच्या वर राहिलं, की एक पाकीट टाकून देते. पाठवणाऱ्याला इशारा मिळतो. तिच्या पुढच्या रूपात, 'एफक्यू-कोडेल'मध्ये, प्रत्येक संवादाची रांगही वेगळी होते. फोटोंची वेगळी, शिकवणीची वेगळी.

करायचं काय? राउटरच्या सेटिंगमध्ये 'एसक्यूएम' किंवा 'स्मार्ट क्यू' असं काही आहे का बघा; रांग आवरायच्या सोयीची ही नावं. 'ओपन-डब्ल्यूआरटी' ही राउटरसाठीची मोफत प्रणाली चालणाऱ्या राउटरवर ते बसवता येतं. तिथे दोन्ही वेग मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के भरायचे. कमी का? तर रांग मोडेममध्ये न लागता आपल्या राउटरमध्ये लागावी, जिथे ती आवरायला कोणी आहे. मी ५ ऐवजी ४.५ भरले. बॅकअप चालू असतानाही पिंग २५ च्या आसपास राहिला. राउटरमध्ये ही सोय नसेल तर निदान फोटोंचा बॅकअप रात्री लावा.

वेग वाढवायला विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत, आकडे बदलायचे सल्ले अजून फिरतात. विंडोज एक्सपीच्या काळात त्यांना अर्थ होता. तेव्हा पावती न येता साधारण ६४ किलोबाइटच माल वाटेवर राहू शकायचा, म्हणजे २०० मिलिसेकंद लांबच्या सर्व्हरवरून जेमतेम २.६ मेगाबिट मिळायचे. त्यानंतरच्या व्हिस्टापासून हे माप विंडोज स्वतः ठरवतं, यालाच ऑटो-ट्यूनिंग म्हणतात. कोणाचं ऐकून ते बंद केलं असेल, तर आजच पुन्हा 'नॉर्मल' करा. विंडोज २० टक्के वेग स्वतःसाठी राखून ठेवतं असंही सांगतात, तेही खरं नाही.

(श्रोत्यांमधून प्रश्न: म्हणजे पैसे ५० चे भरायचे आणि वापरायचे ४५?)

हो काका, तसंच. ते ५ मेगाबिट मी आनंदाने सोडले, कारण त्यांच्या बदल्यात मुलीला बाईंचं वाक्य पुरं ऐकू यायला लागलं. फक्त एक लक्षात ठेवा. उद्या प्लॅन वाढवून घेतलात तर राउटरमधले हे आकडेही त्याच दिवशी बदला, नाहीतर पैसे २०० चे जातील आणि राउटर तुम्हाला ४५ वरच धरून ठेवेल.