पुराचा निरोप आणि त्याची पोच

नमस्कार श्रोतेहो. मृग तोंडावर आलाय, धानाच्या पऱ्ह्यांची लगबग सुरू होईल. वैनगंगेच्या काठाला मात्र या दिवसांत २०२० चा ऑगस्टअखेर आठवतोच. मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून पाणी सुटलं, गोसेखुर्द धरणाची ३३ दारं उघडावी लागली, आणि भंडारा शहरापासून ब्रह्मपुरी, गडचिरोलीपर्यंत नदी घरादारांत शिरली. वरचं पाणी आपल्यापर्यंत यायला काही तास लागतात. माणसं वाचतात ती त्या तासांत.

निरोप निघतच नाही, असं नाही. जलसंपदा कळवतं, तहसील पुढे धाडतं, पोलीस पाटलाच्या मोबाइलवर मजकूर येतो : ‘विसर्ग अमुक क्युमेक, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’ एक क्युमेक म्हणजे सेकंदाला हजार लिटर पाणी, हे खरं. पण रात्री अकरा वाजता त्यानं यातून काय समजायचं? त्याला कळायला हवं की पहाटे चारपर्यंत नाल्याचा पूल बुडेल, खालच्या टोलीतली माणसं, गुरंढोरं आत्ताच शाळेकडे हलवा. किती विसर्गाला कोणता पूल बुडतो, ही सांगड धरणाचे अभियंता, तहसीलदार आणि तलाठी यांनी मे महिन्यातच एकत्र बसून घालायला हवी. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हा प्राधिकरणाचं अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलंय. सगळ्या खात्यांना एका टेबलावर आणायचा अधिकार त्यांचाच.

आणि पोच. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या निळ्या खुणांना मी पोच मानत नाही. गावातून उलट फोन यावा, ‘टोली रिकामी झाली’. तो येईपर्यंत तहसीलनं निरोप पोहोचला असं धरू नये.

वीज गेली की थोड्याच वेळात टॉवरही बंद पडतो. मग उरतो बिनतारी संच. पोलिसांचा वेगळा, वनखात्याचा वेगळा. एकाचं दुसऱ्याला ऐकू येत नाही. पूर असेपर्यंत दोघांचा एकेक माणूस तहसीलच्या नियंत्रण कक्षात संच घेऊन बसला, तरी मोठं काम होईल. रुग्णवाहिकेच्या १०८ ला बंद पडलेला रस्ता तिथूनच कळेल.

बचाव पथक नागपूरहून येईस्तोवर डोंगा घालतो तो गावचा मासेमार ढिवर. कुठे भोवरा, कुठे खडक, त्याला ठाऊक. त्याचं नाव, फोन तहसीलच्या यादीत आहे का, एवढं या आठवड्यात तलाठ्यांना विचारा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक आहे १०७७. तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या.