ताप कितव्या दिवसाचा?

मंडळी, पावसाळ्यातल्या तापावर बोलायचे म्हटले की एकेका रोगाची लक्षणे, तपासण्या आणि औषधे क्रमाने सांगण्याचा मोह होतो. मी तो टाळणार आहे, कारण दवाखान्यात येणारा माणूस रोगाचे नाव घेऊन येत नाही, ताप घेऊन येतो. जून ते ऑक्टोबर या काळात महाराष्ट्रात त्या तापामागे साधा विषाणूजन्य आजार, डेंग्यू, हिवताप, लेप्टोस्पायरोसिस, विषमज्वर किंवा स्क्रब टायफस यांपैकी काहीही असू शकते, आणि पहिल्या दिवशी ही सगळी मंडळी सारखीच दिसतात: अंग ठणकते, डोके दुखते, अन्नावरची वासना उडते. म्हणून ताप किती चढला यापेक्षा तो कोणत्या दिवशी सुरू झाला, हे फॅमिली डॉक्टर आधी विचारतो. उत्तर बहुधा 'दोन-तीन दिवस झाले असतील' असे मोघम मिळते. जरा खोदून विचारले की कळते, सोमवारपासूनच कसर होती, पण गोळी घेऊन कामावर जाणे चालू होते. हा सोमवार महत्त्वाचा, कारण पुढची सगळी मोजणी त्याच्यापासून करायची असते.

डेंग्यूचेच पहा. त्याच्या विषाणूचे एनएस१ नावाचे प्रथिन साधारणपणे पहिल्या पाच दिवसांत रक्तात सापडते, तर विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली आयजीएम प्रतिपिंडे पाचव्या दिवसाच्या आसपास दिसू लागतात. दुसऱ्या दिवशी आयजीएम तपासून 'डेंग्यू नाही' असा निर्वाळा देणे किंवा आठव्या दिवशी केवळ एनएस१ करून निश्चिंत होणे, दोन्ही चुकीचे. सीबीसीची, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीची, गतही तीच आहे. पहिल्या दिवशी प्लेटलेट पेशी दोन लाखांवर असतात, घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात आणि तो कागद चौथ्या दिवशीही पुरावा म्हणून दाखवतात. पहिल्याच दिवशी 'फीव्हर प्रोफाइल' नावाचे महागडे पॅकेज करून येणाऱ्यांचे पैसे बव्हंशी वाया जातात, असे माझे स्पष्ट मत आहे.

याला हिवतापाचा अपवाद आहे. थंडी वाजून ताप आला असेल, किंबहुना मुंबईसारख्या शहरात किंवा गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात थंडी न वाजताही ताप आला असेल, तर रक्ताचा नमुना पहिल्याच दिवशी तपासावा, कारण फाल्सिपेरम जातीचा हिवताप थोड्या दिवसांत मेंदूपर्यंत किंवा मूत्रपिंडांपर्यंत मजल मारू शकतो आणि त्यावर हमखास औषध उपलब्ध आहे. एक नमुना निर्दोष आला आणि संशय कायम राहिला, तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा तपासावे. व्हायव्हॅक्स जातीत अडचण वेगळीच. क्लोरोक्विनने तीन दिवसांत ताप जातो, माणूस हिंडू-फिरू लागतो आणि यकृतात दडून बसलेल्या परजीवींसाठी दिलेला प्रायमाक्विनचा चौदा दिवसांचा कोर्स मध्येच सुटतो. काही महिन्यांनी ताप उलटतो आणि दोष मात्र नव्या डासाला दिला जातो. हे औषध गर्भवतीला देत नाहीत, आणि जी६पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्यांमध्ये त्याने तांबड्या पेशी फुटू शकतात. त्यामुळे शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून ते आणू नये.

आता डेंग्यूकडे पुन्हा वळतो, कारण सर्वांत जास्त घबराट आणि सर्वांत जास्त बेफिकिरी, दोन्ही याच आजारात दिसतात, आणि तीही नेमक्या चुकीच्या वेळी. ताप १०३ असताना घर हवालदिल असते; चौथ्या-पाचव्या दिवशी तो उतरतो आणि सगळे निर्धास्त होतात. खरा धोका बहुधा तिथून पुढच्या एक-दोन दिवसांत असतो. या टप्प्यात सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो, उरलेले रक्त दाट होते आणि रक्तदाब ढासळू शकतो. पोटात सतत दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे, रुग्ण सुस्त किंवा अस्वस्थ होणे, यांतले एकही लक्षण दिसले तर ताप नसला तरी रुग्णालय गाठावे. नातेवाइकांचे लक्ष मात्र पेशींच्या आकड्यावर खिळलेले असते. आकडा ४० हजारांवर आला की प्लेटलेटच्या बाटल्यांसाठी धावपळ सुरू होते. वास्तविक रक्तस्राव नसेल तर पेशी दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत त्या सहसा भरत नाहीत. डॉक्टरची नजर त्याच अहवालातल्या हिमॅटोक्रिटवर, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणावर, असते, कारण तो चढू लागणे म्हणजे रक्त दाट होऊ लागणे. उपचाराचा गाभा द्रवपदार्थ हाच आहे: ओआरएस, ताक, पेज, शहाळे, आणि तोंडाने जात नसेल तर मोजून दिलेले सलाईन. 'ताकद येईल' म्हणून आग्रहाने लावून घेतलेले सलाईन याच टप्प्यात फुप्फुसाभोवती साचू शकते.

तापासाठी पॅरासिटामॉल पुरते. मोठ्या माणसाने ५०० ते ६५० मिलिग्रॅमची गोळी सहा तासांच्या अंतराने घ्यावी, मुलांना वजनानुसार द्यावी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि ॲस्पिरिन डेंग्यूची शक्यता संपेपर्यंत टाळावीत, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. अंगदुखीसाठी आग्रहाने टोचून घेतलेली सुई बऱ्याचदा डायक्लोफेनॅकचीच असते, हेही लक्षात घ्यावे.

मुदतीच्या तापाविषयी, म्हणजे विषमज्वर किंवा टायफॉइडविषयी, थोडक्यात सांगतो. १८९६ सालापासून चालत आलेली विडाल चाचणी आपल्याकडे इतकी सरसकट केली जाते, की 'थोडासा टायफॉइड निघाला' हे वाक्य मराठी घरांत रुळले आहे. ही चाचणी पहिल्या आठवड्यात अनेकदा नकारात्मक असते आणि पूर्वीच्या संसर्गामुळे किंवा लसीमुळे विनाकारण सकारात्मक येऊ शकते. खात्रीचे निदान रक्ताच्या कल्चरने, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याने, होते, तेही प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी नमुना घेतला तर. दुसऱ्या दिवशी दुकानातून आणलेल्या अझिथ्रोमायसिनने नेमका हाच पुरावा पुसट होतो.

काही निदाने मात्र प्रयोगशाळेच्या आधी विचारपूस करून आणि अंग तपासून होतात. पुराच्या पाण्यातून चाललात का, भातलावणीला चिखलात उतरलात का, गोठा साफ केलात का, असे विचारायला हवे. लेप्टोचे जंतू उंदरांच्या व गुरांच्या मूत्रातून पाण्यात येतात आणि लक्षणे बहुधा पाच ते चौदा दिवसांनी दिसतात, त्यामुळे रुग्ण तोवर ते पाणी विसरलेला असतो. पोटऱ्या दाबल्या की कळवळणे आणि डोळे लाल होणे या त्याच्या खुणा. कावीळ किंवा लघवी कमी होणे दिसले तर दवाखान्यात वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईने या आजाराची साथ पाहिली. पुराच्या पाण्यातून चालल्यावर डॉक्सिसायक्लिनची प्रतिबंधक मात्रा घेण्याचा सल्ला दिला जातो तो यासाठीच. विदर्भातल्या शेतांतून आणि झुडपांतून येणाऱ्या स्क्रब टायफसमध्ये काख, जांघ, कमरपट्ट्याची जागा अशा ठिकाणी माइट नावाचा सूक्ष्म किडा चावल्याचा काळा, न दुखणारा खपलीसारखा डाग असू शकतो. कपडे बाजूला सारून तो शोधावा लागतो. सापडला तर निदान जवळजवळ झालेच, आणि डॉक्सिसायक्लिनने ताप बहुधा ४८ तासांत उतरतो.

दिवस मोजत थांबण्याची ही सवलत सर्वांना लागू नाही. तीन महिन्यांखालचे बाळ, गर्भवती स्त्री, केमोथेरपी घेणारा रुग्ण, किंवा ताप फारसा नसतानाही अचानक असंबद्ध बोलू लागलेले आजी-आजोबा, यांना पहिल्याच दिवशी, शक्यतो पहिल्याच तासांत, डॉक्टरांकडे न्यावे. इतरांनी येताना ताप सुरू झाल्याची तारीख आणि वेळ, घेतलेल्या प्रत्येक गोळीचे वेष्टन आणि जुने अहवाल सोबत आणावेत, आणि 'तिसऱ्या दिवशी पुन्हा या' असे सांगितले असेल तर ताप उतरला असला तरी यावे.