आता आणि मरणाच्या वेळी

वसई. दिवेलागण. चर्चची घंटा तीन टोले देते, थांबते, पुन्हा तीन, पुन्हा थांबून तीन. घंटा शांत झाली की घरात टीव्ही बंद होतो, वेदीपुढे मेणबत्ती लागते आणि आजी खुंटीवरची जपमाळ काढते.

माळ जवळून बघा. 59 मणी. 53 लहान, 6 मोठे. माळ तुटते ती बहुतेक पदकापाशी. तिथे तीन पदर एकत्र येतात आणि सगळा ताण तिथेच पडतो.

क्रूस हातात धरून विश्वासांगिकार, म्हणजे श्रद्धा जाहीर करणारी प्रार्थना. पहिल्या मोठ्या मण्यावर ‘आमच्या स्वर्गीय बापा’. मग तीन लहान मण्यांवर ‘नमो मरिया’, येशूच्या आईची प्रार्थना. श्रद्धा, आशा आणि प्रीती यांसाठी. तिथून पुढे दहा-दहाचे पाच गट, प्रत्येकाआधी एक रहस्य, म्हणजे येशूच्या आणि मरियेच्या जीवनातला मनन करायचा एक प्रसंग. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची. गुरुवारची प्रकाशाची रहस्यं 2002 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी जोडली. तोवर रहस्यं पंधरा होती. रोजची पाच म्हणजे तिसरा हिस्सा. गोव्यात या प्रार्थनेला ‘तेर्स’ म्हणतात, तो शब्द ‘तिसरा हिस्सा’ अशा अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आला. आता रहस्यं वीस झाली, हिस्सा चौथा झाला. नाव तेर्सच राहिलं.

दर गटाच्या शेवटी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या गौरवाची छोटी प्रार्थना असते. तिला स्वतःचा मणी नसतो. ती दोन गटांमधल्या मोकळ्या दोऱ्यावर म्हणायची. नवखा हात तिथे हमखास मणी पुढे सरकवतो. पण ही चूक किरकोळ. खरा घोटाळा होतो घाईने.

‘नमो मरिया’चा पहिला अर्धा भाग एक जण म्हणतो. देवदूताने आणि नात्यातल्या एलिझाबेथने मरियेला केलेलं हे अभिवादन बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातलं. दुसरा अर्धा बाकीचे म्हणतात. तो बायबलमधला नाही. चर्चच्या परंपरेत घडत गेला आणि 1568 च्या रोमन प्रार्थनाग्रंथात आजच्या रूपात पक्का झाला. त्यात मागणं एकच: आम्हा पापी जनांसाठी विनंती कर, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी.

सावकाश म्हटली तर पूर्ण माळेला अठरा-वीस मिनिटं लागतात. दहा मिनिटांत आटोपली, तर समजावं की पहिला अर्धा म्हणणाऱ्याने बाकीच्यांचं ‘आमेन’ होऊ दिलं नाही. आणि अशा घाईत गिळले जातात ते नेमके शेवटचे शब्द, मरणाचे. उपाय साधा आहे. ‘आमेन’ पूर्ण ऐकू आल्यावर एक श्वास घ्यायचा, मगच पुढचा मणी.

एरवी घरात मरणाचं नाव काढलं, की “भरल्या घरात अभद्र बोलू नये” म्हणून गप्प करतात. इथे मात्र आत गॅसवर कालवण उकळत असतं आणि दुसरीतलं पोर जांभई देत देत आपल्या मरणाच्या वेळेबद्दल 53 वेळा बोलतं. त्याला आज त्यातलं काही कळत नाही. कळावं अशी घाईही कुणाला नसते.

माणूस शेवटचं अंथरूण धरतो तेव्हा हीच माळ त्याच्या उशाशी येते. अशा वेळी पाचही गटांचा अट्टहास करू नये. दहाचा एक गट पुरे. आवाज खालचा, कानाजवळ. माळ त्याच्या बोटांत द्यायची, मणी आपण सरकवायचे. तो उत्तर देऊ शकत नाही, म्हणून दुसरा अर्धा भाग घरचे म्हणतात. त्यात ‘माझ्यासाठी’ असं कुठेच नाही, ‘आम्हासाठी’ आहे. ‘आता’ आणि ‘मरणाची वेळ’ यांत एरवी असतं ते अंतर त्या खोलीत उरलेलं नसतं.