खाण बंद पडली आणि राजा कामाला लागला

मंडळी, लाल अंगरखा, डोक्यावर मुकुट, पांढरी दाढी आणि दात दाखवत ताठ उभा असलेला लाकडी बाहुला. नाताळच्या दिवसांत आता आपल्या शहरांतल्या मॉलमध्येही हा नटक्रॅकर, म्हणजे जबड्यात अक्रोड फोडणारा बाहुला, दिसतो. बहुतेकांना तो नाताळची शोभेची वस्तू म्हणूनच माहीत आहे. तो कोणी केला आणि का केला, हे सांगायचं तर मला जमिनीखालून सुरुवात करावी लागेल.

जर्मनीच्या पूर्वेला, सॅक्सनी प्रांत आणि चेक प्रजासत्ताक यांच्या सीमेवर एर्त्सगेबिर्गे नावाची डोंगररांग आहे. 1168 च्या सुमारास तिथे फ्रायबर्गजवळ चांदी सापडली आणि पुढची कित्येक शतकं हा सगळा मुलूख खाणींवर जगला. चांदी, कथील, कोबाल्ट, तांबं असं बरंच काही तिथून निघालं. 2019 मध्ये युनेस्कोने या खाणप्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो सीमेच्या दोन्ही बाजूंना मिळून.

आपल्याला जायचं आहे ते या डोंगरातल्या झायफेन नावाच्या छोट्या गावात. तिथे चांदी नव्हती, कथील होतं. ओढ्याच्या पाण्यात खनिज धुऊन काढायचं, पाणचक्कीवर चालणाऱ्या यंत्रांनी दगड कुटायचा, हा तिथला उद्योग. खाणीचं उत्पन्न पुरेनासं झालं तसे लोक लाकडाकडे वळले. जंगल दाराशी होतं आणि पाण्याची शक्तीही हाताशी होती. जे पाणी दगड कुटत होतं तेच लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातायचं यंत्र, फिरवू लागलं. आधी ताटल्या, वाट्या, गुंड्या झाल्या, मग खेळणी. 1699 मध्ये झायफेनचा योहान फ्रिडरिश हीमान हा माणूस लाकडी माल हातगाडीवर घालून लाइपझिगच्या जत्रेत घेऊन गेला, अशी नोंद सांगतात. डोंगराळ वाटेने शंभरावर किलोमीटर ढकलत नेलेली ती हातगाडी. झायफेनमधली कथलाची खाण 1849 मध्ये कायमची बंद झाली. तोवर गाव खेळण्यांवर जगायला शिकलेलं होतं.

या लोकांचं लेथवरचं कसब किती पुढे गेलं होतं, ते एका उदाहरणाने सांगतो. नटक्रॅकर समजायचा तर हे समजायला हवं. झायफेनमध्ये एक कला आहे, कड्यातून प्राणी काढण्याची. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या ओंडक्याची ओली चकती लेथवर चढवतात आणि हत्यारांनी तिच्यात खाचा, उंचवटे, गोलाई कोरत जातात. तयार होतं ते एक मोठं लाकडी कडं. बाहेरून बघाल तर कशाचाच पत्ता लागत नाही. मग ते कडं उभं चिरतात, आणि प्रत्येक फोडीच्या छेदात घोडा असतो, गाय असते, हत्ती असतो. एकाच कड्यातून डझनावारी. म्हणजे काम चालू असताना कारागिराला त्या प्राण्याचा आकार दिसतच नाही. पाय किती खोल, पाठ किती वाकलेली, हे सगळं हातात आणि डोक्यात. नंतर घरातली माणसं त्या फोडी चाकूने घोटून गोल करतात, कान-शेपटी चिकटवतात, रंगवतात. ही पद्धत 1800 च्या आसपास रूढ झाली आणि आजही तिथे मोजके कारागीर ती करतात. मला विचाराल तर त्या गावाची सगळ्यात मोठी करामत हीच आहे. नटक्रॅकर तिच्यानंतर आला.

हे सगळं ऐकताना गोड वाटतं, पण त्यामागे फार मोठी गरिबी होती. घर हाच कारखाना. आई-वडील, आजी, लहान मुलं, सगळे पहाटेपासून त्याच टेबलाभोवती. माल उचलणारा व्यापारी भाव ठरवी आणि तो इतका कमी असे, की पोट भरायचं तर हजारोंनीच वस्तू करायला हव्यात. युरोप-अमेरिकेतल्या श्रीमंत मुलांच्या नाताळाची खेळणी ज्या मुलांनी रंगवली, त्यांच्या स्वतःच्या वाट्याला बालपण फारसं आलं नाही. ही गोष्ट खेळण्यांच्या इतिहासात एका ओळीत उरकली जाते, याचं मला वाईट वाटतं.

आता राजाकडे येऊ. माणसाच्या रूपाचे, जबड्यात अक्रोडासारखं टणक फळ फोडणारे बाहुले त्याच्या आधीही होते. बेर्खटेसगाडेन, थुरिंगियातलं झोनेबर्ग, अशा ठिकाणी ते कोरले जात. नाताळ आणि सुकामेव्याचं नातं जर्मनीत जुनंच. सोनेरी मुलामा दिलेले अक्रोड नाताळच्या झाडाला टांगत, मुलांच्या ताटलीत सफरचंदांबरोबर अक्रोड आणि हेझलनट ठेवत. तेव्हा ते फोडणाराही घरात हवाच.

1816 मध्ये ई. टी. ए. हॉफमन या लेखकाची ‘नटक्रॅकर आणि उंदरांचा राजा’ ही कथा आली. तिच्यातला बाहुला दिसायला बेढब आहे. मोठं डोकं, बारीक पाय, जांभळं लष्करी जाकीट, पाठीवर लाकडाचा वाटावा असा अरुंद झगा, आणि डोक्यावर? खाणकामगाराची टोपी! हॉफमनला ते विचित्र वाटतं, तो तसं लिहितोही. मला मात्र ती टोपी वाचून फार आनंद झाला होता, कारण पुढे हा बाहुला ज्यांच्या हाती मोठा होणार होता त्यांची खूण त्याच्या डोक्यावर आधीपासूनच होती. कथेत फ्रिट्झ हा दांडगा मुलगा त्याच्या तोंडात सगळ्यात मोठं, सगळ्यात टणक फळ कोंबतो आणि त्याचे तीन दात पडतात, जबडा खिळखिळा होतो. त्याची बहीण मारी त्याला रिबीन बांधते आणि जवळ घेते. ती त्याच्यावर जीव लावते, तो काम करताना जखमी झाला म्हणून. देखणेपणाचा तिथे प्रश्नच नाही.

आज दिसणारा राजा मात्र नंतरचा. 1851 मध्ये फ्रँकफर्टच्या हाइनरिश हॉफमन या डॉक्टरने (हा दुसरा हॉफमन, पहिल्याचा नातेवाईक नव्हे) मुलांसाठी एक चित्रपुस्तक काढलं, त्यात ‘राजा नटक्रॅकर’ होता. त्या चित्रांवरून झायफेनच्या विल्हेल्म फ्रिडरिश फ्युख्टनर (1844–1923) याने 1870 च्या आसपास आपला बाहुला घडवला, असं मानलं जातं. फ्युख्टनरचं मोठेपण असं, की त्याने तो कोरला नाही, लेथवर उतरवला. धड, डोकं, हात, पाय वेगवेगळे कातायचे आणि जोडायचे. त्यामुळे तो पुन्हा पुन्हा, एकसारखा करता येऊ लागला. लाकूड मुख्यतः स्प्रूस, पण जिथे जोर येतो त्या जबड्याच्या दांड्याला टणक बीच. दाढी-केसांना सशाची लोकर. एका बाहुल्यामागे शंभरावर छोटी-छोटी कामं असतात. फ्युख्टनर कुटुंबाची कार्यशाळा झायफेनमध्ये आजही चालू आहे.

यंत्र म्हणून तो अगदी साधा आहे. जबडा आणि पाठीमागची दांडी मिळून एकच तरफ. दांडी वर उचलली की तोंड उघडतं, फळ ठेवायचं, दांडी खाली दाबायची. आपला अडकित्ता डोळ्यांपुढे आणा. तत्त्व तेच, फक्त अडकित्त्याला पातं आहे म्हणून तो सुपारी कापतो, आणि हा बोथट लाकडाने कवच चिरडतो. आपल्याकडच्या लोहारांनीही अडकित्त्याला मोर-घोड्यांचे आकार दिलेच की. रोजच्या हत्याराला रूप द्यावंसं वाटणं हे सगळीकडचं.

या बाहुल्यांचे वेश बघा. राजा, पोलीस शिपाई, सैनिक, वनाधिकारी. ज्यांच्या हुकमाखाली खाणकामगार आणि लाकूडतोडे जगत होते तीच ही सगळी माणसं. कर घेणारा, पकडणारा, जंगलातून फाटी उचलू न देणारा. अशा सगळ्यांना गरिबाच्या टेबलावर उभं करून त्यांच्याकडून कवचं फोडून घ्यायची, यात लोकांना मजा वाटत होती हे उघड आहे. पुष्कळ अभ्यासक तिथेच थांबतात आणि याला थट्टा म्हणतात. मला तेवढंच पुरेसं वाटत नाही. ज्याची नुसती टिंगल करायची, त्याच्या कोटाची बटणं इतक्या मन लावून कोणी रंगवत नाही. ज्यांना आयुष्यभर घाम गाळावा लागला त्यांना राजानेही थोडं राबावं असं वाटलं, आणि राबणाऱ्याचा मान म्हणून त्यांनी त्याला नीट सजवलंही. त्याचा रागीट चेहरा मला म्हणूनच आवडतो. जोर लावताना आपलेही दात असेच आवळतात.

पुढची कीर्ती संगीताने दिली. द्यूमा या फ्रेंच लेखकाने ई. टी. ए. हॉफमनच्या कथेचं फ्रेंच रूप केलं होतं. त्यावरून चायकॉव्स्की या रशियन संगीतकाराच्या संगीताचा बॅले, म्हणजे नृत्यनाट्य, 1892 मध्ये सेंट पीटर्सबर्गला रंगमंचावर आला. सुरुवातीला त्याचं विशेष कौतुक झालं नाही. 1944 मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोत बसवला गेला, 1954 मध्ये नृत्यदिग्दर्शक बॅलंचिनने न्यूयॉर्कमध्ये बसवला, आणि अमेरिकेत नाताळ म्हणजे नटक्रॅकर हे समीकरण रुजलं. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत असलेले अमेरिकन सैनिक घरी जाताना हे बाहुले भेट म्हणून घेऊन गेले, त्याचाही वाटा मोठा. वॉशिंग्टन राज्यातल्या लेव्हनवर्थ गावात तर 1995 पासून खास नटक्रॅकरचं संग्रहालय आहे.

खुद्द झायफेन महायुद्धानंतर पूर्व जर्मनीत होतं. तिथे खेळण्यांचा उद्योग हळूहळू सरकारी झाला, 1972 मध्ये उरलेल्या कित्येक खासगी कारखान्यांचंही राष्ट्रीयीकरण झालं. माल परकीय चलनासाठी पश्चिमेला जाई आणि तिथल्याच लोकांना आपल्या गावचा बाहुला दुकानात मिळणं अवघड होई. जर्मनी एक झाल्यावर कार्यशाळा पुन्हा घरच्यांच्या हाती आल्या, आणि लगेच समोर उभी राहिली ती आशियातल्या कारखान्यांत तयार होणारी स्वस्त नक्कल.

तुमच्यापैकी कोणी त्या भागात गेलं आणि बाहुला घ्यावासा वाटला, तर सगळ्यात आधी पाठीमागची दांडी हलवून बघा. नकली बाहुल्यात ती बहुधा नुसती शोभेची असते, कशीबशी खिळ्यावर लोंबणारी. खऱ्यात जबडा सरळ रेषेत उघडतो, दांडी जाड असते आणि तिच्यावर भार टाकला तरी ती कुरकुरत नाही. रंगाखाली लाकडाचे सांधे बघा, दाढीची लोकर ओढून बघा. दुकानदार रागावणार नाही, त्या गावात अशी पारख करणाऱ्याची त्यांना कदर आहे. आणि घरी आणल्यावर हेझलनटपासून सुरुवात करा. मोठा अक्रोड त्याला देऊ नका. फ्रिट्झने काय केलं ते तुम्ही ऐकलंच आहे.