मालवणची रापण आणि सुट्टीचे पाहुणे

मे महिन्यातली पहाट आहे. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर अजून पुरते उजाडलेले नाही आणि समोर सिंधुदुर्ग किल्ल्याची तटबंदी काळ्या रेघेसारखी दिसते आहे. वाळूवर एकटे उभे असलेले हे वृद्ध रापणकर मात्र किल्ल्याकडे पाहत नाहीत, त्यांची नजर अलीकडच्या पाण्यावर आहे. पाण्याचा रंग कुठे गडद झाला आहे, पक्षी कोणत्या बाजूला झेपावत आहेत, लाटेखाली कुठे चुळबुळ जाणवते, एवढ्या खुणांवरून आज होडी कुठून लोटायची हे ते ठरवणार आहेत. आता त्यांनी हात वर केला आणि होडीभोवती बसलेली माणसे उठली.

काठावरून ओढायच्या या मोठ्या जाळ्याला आणि त्याच्या मासेमारीला मालवणात रापण म्हणतात. होडीत जाळे घडी घालून रचलेले असते. त्याच्या दोरीचे एक टोक काठावरच्या माणसांच्या हाती देऊन होडी समुद्रात शिरते, पुढे जाऊन वळते, वळता वळता जाळे पाण्यात सोडत जाते आणि मोठा अर्धवर्तुळाकार फेरा पूर्ण करून दोरीचे दुसरे टोक घेऊन पुन्हा किनाऱ्याला लागते. आता दोन टोके, दोन रांगा आणि मध्ये समुद्राचा एक तुकडा वेढलेला, अशी स्थिती आहे. यापुढचे सारे काम माणसांच्या पायांचे आणि पाठीचे आहे.

जवळून पाहा. दोरी हातात आहे, पण जोर कमरेचा आहे. टाचा वाळूत रुतवून माणसे पाठमोरी मागे सरकत आहेत. रांगेतला सर्वांत मागचा माणूस वाळूच्या चढावर पोहोचला की दोरी सोडतो, चालत पुन्हा पाण्याच्या कडेला जातो आणि तिथे नव्याने दोरी धरतो, त्यामुळे रांग संपत नाही आणि ओढही थांबत नाही. या तळहातावरचे घट्टे पाहिले की एवढ्या लांब जाळ्याला यंत्राविना कोण ओढत आले, हे वेगळे सांगावे लागत नाही. जाळे जसजसे जवळ येते तसतशा दोन्ही रांगा एकमेकींच्या दिशेने सरकतात, फेरा आवळला जातो, आणि शेवटी मासळीने भरलेली मधली खोळ लाटेबरोबर वाळूवर येते.

रापण एकट्या मालकाची नसते, ती संघाची असते. जाळ्याचे भाग वेगवेगळ्या घरांचे असतात आणि ते जोडून एक रापण उभी राहते. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात, त्यात जाळ्याचा वाटा असतो तसा अंगमेहनतीचाही असतो. वय झाल्यामुळे पूर्वीसारखा जोर न उरलेला माणूसही काठावर येतो, दोरीला हात लावतो आणि रांगेत धरला जातो. येथील मासेमारी करणाऱ्या गाबीत समाजाच्या कित्येक पिढ्यांनी वाटून खाणे म्हणजे काय, याचा धडा याच वाळूवर गिरवला आहे. आमच्या मते मालवण नावाचे गाव कसे चालत आले आहे हे समजून घ्यायचे असेल, तर किल्ल्याइतकेच या वाटणीकडेही पाहिले पाहिजे.

खोळ उघडली आहे. तारली, पेडवे, बांगडे, मधूनच एखादा सौंदाळा. बाजूला पाट्या घेऊन बसलेल्या बायका हे पाहूनच मनात भाव बांधतात.

साडेसात वाजले आणि किनाऱ्यावर दुसरी माणसे दिसू लागली. ही सुट्टीसाठी आलेली मंडळी. मालवणला पाहुणे नवे नाहीत. मुंबईच्या गिरण्यांत कामाला गेलेली माणसे मे महिन्यात आणि गणपतीला गावी परतत, त्यांना आजही चाकरमानी म्हणतात. तो पाहुणा घरचाच होता, रापण लागली की तोही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून दोरीला लागत असे. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. आता येणाऱ्यांपैकी पुष्कळांचे या गावात घर नाही. ते किल्ला पाहायला, तारकर्ली आणि देवबागच्या वाळूवर चालायला आणि पाण्याखालची प्रवाळे पाहायला येतात.

पर्यटन बाहेरून आले आणि गाव बाजूला उभे राहिले, असे येथे घडलेले नाही. या होडीवर पाण्यात उतरण्याचा पोशाख चढवून बसलेला तरुण रापणकराचाच मुलगा आहे. वडील पहाटे दोरी ओढतात, मुलगा नऊ वाजता पर्यटकांना घेऊन समुद्रात जातो, आणि घरी आई दोन खोल्यांतल्या पाहुण्यांसाठी घावणे घालते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा मे महिन्यात पाहुण्यांकडून आलेला पैसा घराला पुरवायचा असतो. त्यामुळे पाहुणे नकोत, असे या किनाऱ्यावर कोणी म्हणत नाही.

या स्वयंपाकघरात थोडे थांबू. बांगड्याचे तिखले चुलीवर आहे. वाटप आधीच घालून झाले आहे, आणि आता या मावशी तिरफळे हलकेच ठेचून रसात सोडत आहेत. बाजूच्या भांड्यात कोकमाचे आगळ नारळाच्या दुधात पडते आणि पांढऱ्याचे गुलाबी होते. हा बांगडा आज सकाळच्या रापणीचा आहे. पण बाहेरच्या ओसरीवर बसलेल्या पाहुण्यांनी सुरमई मागितली आहे, आणि सुरमई नसेल तर पापलेट. थाळी म्हणजे सुरमई किंवा पापलेट असे समीकरण झाले आहे, आणि ही मासळी रापणीत रोज लागत नाही. रापणीत रोज लागते ती तारली आणि पेडवे, आणि ते पाहुण्यांच्या पानापर्यंत पोहोचतच नाहीत. किनाऱ्यावर उभे राहून ज्या जाळ्याचे छायाचित्र काढले, त्याच जाळ्यातली मासळी दुपारी मागून खाल्ली तर रापणीला केवढा आधार मिळेल, हे पाहुण्यांना सांगायला हवे, आणि ते सांगण्याची जबाबदारी खाणावळी चालवणाऱ्या आपल्याच माणसांची आहे.

पुन्हा किनाऱ्यावर येऊ, कारण मूळ प्रश्न जागेचा आहे. रापणीला दोन गोष्टी लागतात, समोरचे मोकळे पाणी आणि मागे सरकायला मोकळी वाळू. जाळ्याच्या फेऱ्यात नांगरलेली एक होडी असली तरी फेरा मोडतो, आणि वाळूवर खुर्च्यांची एक रांग असली तरी दोरी धरणाऱ्यांना मागे जाता येत नाही. आज दुसरी रापण ओढताना हेच घडले. वेगाने जाणारी पर्यटकांची एक बोट जाळ्याच्या कडेपर्यंत आली, तेव्हा काठावरून हाक गेली, “वायच थांबा रे, आधी जाळा काठाक येवंदे!” बोट थांबली. चालवणारा गावचाच होता, हाक कोणाची आहे हे त्याला आवाजावरून कळले.

उद्या बोट चालवणारा गावचा नसेल, तर ही ओळख उपयोगी पडणार नाही. म्हणून पहाटेपासून सकाळच्या पहिल्या प्रहरापर्यंत ठरलेल्या पट्ट्यात पाणी आणि वाळू रापणीसाठी मोकळी ठेवावी, असा नियम गावाने पाहुण्यांच्या व्यवसायाबरोबर बसून करावा, असे आम्हाला मनापासून वाटते. यांत्रिक बोटीने मोठे जाळे टाकून मासळीचा अख्खा थवा वेढणाऱ्या पर्ससीन मासेमारीवर २०१६ मध्ये निर्बंध आले, प्रखर दिव्यांच्या मासेमारीवर २०१७ मध्ये बंदी आली, त्यामागे पारंपरिक मच्छीमारांचा मोठा झगडा होता. आपल्याच किनाऱ्यावरची वाळू राखण्यासाठी त्याहून कितीतरी कमी कष्ट पुरतील. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोन जणांचा मृत्यू झाला होता, तेव्हा पाण्यावरची शिस्त पाहुण्यांच्याही हिताची आहे.

दहा वाजले. वाटे पडले, पाट्या बाजाराकडे गेल्या. धक्क्यावरून किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्यांसाठी रांग लागली आहे. १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी बांधलेला हा जलदुर्ग पाहायला आलेली ही माणसे रांगेतूनच दांडीकडे बोट दाखवत आहेत, कारण तिथे वाळूवर जाळे पसरलेले आहे.

आणि जाळ्याच्या मध्यावर हा एक माणूस मांडी घालून बसला आहे. सकाळच्या ओढीत कुठेतरी अडकून जाळ्याला हातभर भगदाड पडले आहे. पायाच्या अंगठ्यात जाळे ताणून धरून तो एकेक घर सुईने बांधत चालला आहे. उद्या पहाटे होडी लोटायच्या आधी हे काम पुरे व्हायला हवे.